वरून आलेली मागणी

फोनवर सांगितलेलं काम साधंच होतं. खाली एक टीव्ही आहे, वरच्या खोलीत दुसरा बसवायचाय, गच्चीवर डिश एकच आहे. तर त्या एकाच डिशवर दोन्ही टीव्हींचे सेट-टॉप डबे चालतील असं करून द्या. बोलणारी बाई घाईत असावी, मागे कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजत होती. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि नीट करा हं. तात्पुरतं नको. आमच्या घरी तात्पुरतं केलेलं फार वर्षं टिकतं."

मास्तरांना हसू आलं. मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. डिश बसवणं, हलवणं, दुरुस्त करणं हा त्यांचा पंधरा वर्षांचा धंदा. पण काम करता करता गिऱ्हाइकाला समोर उभं करून हे असं का आणि ते तसं का, हे समजावून सांगायची त्यांना भारी हौस. म्हणून बाजारात सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि आता तर बायकोही चिडली की मास्तरच म्हणायची. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. शिडी चढताना गुडघे कुरकुरायला लागले होते, पण त्याची दाद ते गुडघ्यांनाही लागू देत नसत.

दुपारी चारच्या सुमाराला ते पत्त्यावर पोहोचले. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला. घर दुमजली, रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभं राहिल्यासारखं. दार त्याच बाईने उघडलं. पस्तिशीची असेल, अंगावर अजून दवाखान्याचा पांढरा कोट. एक्स-रे काढायचं काम करायची ती. नुकतीच बदली होऊन या गावात परत आली होती आणि उद्यापासून वडिलांच्या घरी, वरच्या खोलीत राहायला येणार होती.

"वरची खोली चार वर्षं बंद होती," ती म्हणाली. "बाबांचे थोरले भाऊ राहायचे तिथे. आप्पा म्हणायचो आम्ही त्यांना. ते गेल्यापासून कुणी उघडलीच नाही. मी काल झाडून घेतली."

खालच्या खोलीत तिचे वडील टीव्हीसमोर बसले होते. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचे, खांदे अजून रुंद. पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्य गेलेलं, त्यामुळे ऐकायला जरा कमी आणि बोलायला जरा मोठं. बातम्या चालू होत्या. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी सांगितलं, "काका, टीव्ही आणि डबा दोन्हीचे प्लग भिंतीतून काढावे लागतील. नुसतं रिमोटने बंद करून चालायचं नाही."

"का?"

हा प्रश्न मास्तरांच्या आवडीचा. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "त्याचं असं आहे, डबा काही नुसता बसून चित्र घेत नाही. तो याच केबलमधून वर डिशकडे वीज पाठवतो. थोडीशीच. तेरा व्होल्ट पाठवले की डिश अर्धी चॅनेलं देते, अठरा पाठवले की उरलेली अर्धी. म्हणजे ही एक प्रकारची मागणी असते बघा. खालून मागणी गेली की वरून माल येतो. केबल जिवंत असताना मी जोडाजोड करायला गेलो आणि तार तारेला टेकली, तर तुमचा डबा जायचा."

काकांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

"साडेचारच्या आत होईल?"

"का, काही बघायचं असतं?"

"नाही. साडेचारला जातं."

"काय जातं?"

"चित्र," काका म्हणाले. "साडेचारला जातं, सहाला येतं. रोज."

मुलीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "कधीपासून? बाबा, मला कधी बोलला नाहीत."

काका उठले आणि वाकून स्वतःच दोन्ही प्लग काढले. मास्तरांनी मनात म्हटलं, ऊन लागून जोड सैल होत असेल, किंवा जवळपास कुणाचं यंत्र त्या वेळेला सुरू होत असेल. असल्या तक्रारी त्यांनी शंभर पाहिल्या होत्या. प्रत्येकीच्या मुळाशी एखादा गंजलेला स्क्रू निघायचा.

मुलगी त्यांना जिन्याने वर घेऊन गेली. काका खालीच थांबले.

खोली स्वच्छ होती, पण झाडून न निघणारा एक वास तिथे राहिला होता. जुन्या कागदांचा, शाईचा, आणि त्याखाली काहीतरी आंबूस, गोडसर. एक खाट, एक टेबल, भिंतीला पुस्तकं. आप्पा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, ती सांगत होती. वर्तमानपत्र छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या. "उद्याचा पेपर आजच वाचून झालेला असायचा त्यांचा. त्यामुळे निवृत्त झाल्यावर बातम्यांचं नावही काढायचे नाहीत. म्हणायचे, पुरे झालं, आता जगात काय चाललंय ते जगाने बघावं. नुसती जुनी गाणी ऐकत बसायचे टीव्हीवर."

"त्यांचा टीव्ही?"

"तेव्हाच देऊन टाकला. डबाही. वायर तेवढी राहिली." खिडकीच्या चौकटीतून एक काळी केबल आत आली होती आणि खिळ्याला गुंडाळून टांगलेली होती. टोक उघडं. मधली तांब्याची तार काळवंडलेली.

मास्तर मागच्या बाजूच्या लोखंडी जिन्याने गच्चीवर गेले. त्या जिन्याची तिसरी पायरी पायाखाली दबली आणि ठण्ण वाजली, तेव्हा त्यांना कसंतरीच वाटलं. हा आवाज त्यांच्या पायाला माहीत होता. पण वारा जोरात होता, विचार करायला वेळ नव्हता. कठड्याला धरून ते डिशपाशी गेले. डिशच्या तोंडाशी असते ती छोटी डबी, म्हणजे एलएनबी, तिच्यातून एकच केबल खाली आली होती, आणि वीतभर अंतरावर ती एका चौकोनी पेटीत शिरली होती. पेटीतून दोन केबली निघाल्या होत्या, एक खालच्या मजल्याला, एक वरच्या. पेटीला निळी टेप गुंडाळलेली. टेपचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून.

मास्तर तिथेच उकिडवे बसले.

असं टोक दुमडून ठेवणारा या धंद्यात त्यांना दुसरा माणूस माहीत नव्हता.

हळूहळू सगळं आठवलं. बारा वर्षं झाली असतील. तेव्हा ते मागच्या गल्लीतून आले होते, याच लोखंडी जिन्याने. पुढचं दार त्यांनी पाहिलंच नव्हतं. एक उंच, किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ वरच्या दारात उभे होते. दोन भाऊ आहोत, म्हणाले होते, खाली तो आणि वर मी, डिश एकच आहे, दोघांचं भागवा. मास्तरांच्या पिशवीत त्या दिवशी दोन तोंडांचा एलएनबी नव्हता. स्प्लिटर होता, साधा, एका केबलच्या दोन करणारा. तो लावला. दोन्हीकडे चित्र आलं. "हे तात्पुरतं आहे," ते त्या गृहस्थांना म्हणाले होते. "आठवड्यात येऊन नीट करून देतो." त्या आठवड्यात दुसरी कामं निघाली. मग महिना गेला. मग ते विसरले.

साध्या स्प्लिटरने काय होतं हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. दोन डबे, दोन मागण्या, पण वर जायला वाट एकच. एकाने तेरा मागितले आणि दुसऱ्याने अठरा, की अठरावाला जिंकतो. तेरावाल्याच्या पडद्यावर काळोख. आणि त्याला कळतही नाही की का.

त्यांनी टेप सोडवली. स्प्लिटरमधून तिन्ही केबली काढून वेगळ्या केल्या. आता कशाचा कशाशी संबंध उरला नव्हता. पण कोणतीही केबल मीटर लावल्याशिवाय मेलेली धरायची नाही ही सवय. खालच्या केबलला मीटर लावला. शून्य. बरोबर, प्लग काढलेला.

वरच्या केबलला लावला.

अठरा.

त्यांनी मीटर झटकला. परत लावला. अठरा. आकडा स्थिर, चांगल्या डब्यातून येते तशी स्वच्छ वीज. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजून एकतीस मिनिटं.

"ताई!" त्यांनी कठड्यावरून हाक मारली. "वरच्या खोलीत काही जोडलंत का?"

"नाही!" खालून आवाज आला. "काय जोडू? काहीच नाहीये इथे!"

वारा एकदम पडला. डिशच्या वाटीत इतका वेळ घुमणारा आवाज थांबला आणि गच्चीवर शांतता पसरली. त्या शांततेत मास्तरांना वास आला. गच्चीवर येऊ नये असा वास. जुना टीव्ही बराच वेळ चालू राहिला की त्याच्या पाठीतून तापलेल्या धुळीचा येतो, तसा.

ते जिना उतरून वरच्या खोलीत आले. मुलगी खोलीच्या मध्यभागी उभी होती. खिळ्यावरची केबल तिने सोडवून हातात धरली होती.

"म्हटलं तुम्हाला हवी असेल," ती म्हणाली. "मास्तर... काय झालं?"

"काही नाही. तशीच धरा. तारेला हात लावू नका." त्यांनी तिच्या हातातल्या टोकाला मीटर लावला. केबलचं एक टोक गच्चीवर मोकळं पडलं होतं, दुसरं हे, या बाईच्या मुठीत. मध्ये भिंत. दोन्ही टोकांना काहीच जोडलेलं नव्हतं.

अठरा.

"हे काय असतं?" तिने विचारलं.

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच समजावून सांगावंसं वाटलं नाही. "खाली म्हणालो होतो ना," ते म्हणाले. "मागणी. कोणीतरी... या खोलीतून मागतंय."

ती एक पाऊल मागे सरकली. केबल मात्र तिने सोडली नाही. दोघांच्या डोळ्यांदेखत आकडा तेरावर आला, क्षणभर थांबला, आणि परत अठरावर गेला. चॅनेल बदलून बघावं, पसंत पडू नये, आणि माणूस आपल्या नेहमीच्या चॅनेलवर परत यावा, तसं.

"आला ना?"

दोघंही दचकले. काका जिन्यात उभे होते, कठडा धरून. दाराच्या बाहेर. उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता.

"साडेचार झाले," ते म्हणाले. त्यांचा एरवीचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आला ना तो?"

मास्तरांनी मीटर खिशात टाकला. आत्ता बोललो नाही तर परत कधीच बोलणार नाही, हे त्यांना पक्कं कळलं. ते दारापाशी गेले आणि निळी टेप चिकटलेली ती पेटी त्यांनी काकांसमोर धरली.

"काका, हे मी लावलं होतं. बारा वर्षांपूर्वी. तुमच्या भावाला मी म्हणालो होतो, आठवड्यात येऊन बदलतो. आलो नाही." मग त्यांनी तेराचं आणि अठराचं परत एकदा सांगितलं, कोणतंही सजवणं न करता. गाणी अठरावर लागत होती, बातम्या तेरावर. वर गाणी लागली की खाली बातम्या जायच्या. "ते काही करत नव्हते. त्यांना दिसतही नसणार. त्यांचं चित्र तर छान चालू असायचं."

काका बराच वेळ त्या पेटीकडे पाहत राहिले. मग ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"मुद्दाम करत नव्हता?"

"नाही."

"मला वाटायचं मुद्दाम करतो. त्याला बातम्यांचा राग ना. म्हटलं, मला बघू देत नाही. बोलायला गेलो तर म्हणाला, मी काय केलंय? मला वाटलं साळसूदपणा करतो. मग मी काठीने छताला ठोकायला लागलो."

"आप्पा मला सांगायचे," मुलगी हळूच म्हणाली. "म्हणायचे, तुझ्या बापाला माझी गाणी सहन होत नाहीत."

"आठ वर्षं," काका म्हणाले. "शेवटची तीन तर एक शब्द नाही."

मास्तरांना वाटलं, संपलं. पण काकांचे ओठ अजून हलत होते. ते मुलीकडे न बघता बोलू लागले, पायरीकडे बघत.

"शेवटी काय झालं ते तुला सांगितलं नाही मी. त्या दिवशी साडेचारला गेलं, ते सहाला आलं नाही. सात वाजले, आठ वाजले. म्हटलं, आता हट्टालाच पेटला. मी ठोकलं. तर वरून... वरूनही ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं त्याने. मला असा संताप आला! मी परत ठोकलं. त्याने परत. किती वेळ चाललं होतं आमचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, टीव्ही लावला, नाहीच. ठोकलं. एकदाच आलं उत्तर, हळू." काका थांबले. "मला वाटलं, दमला. मला वाटलं, मी जिंकलो."

काकांनी पायरीवरची धूळ तळव्याने पुसली.

"तिसऱ्या दिवशी दूध दारातच दिसलं, तेव्हा वर गेलो. तिथे, खाटेजवळ. टीव्ही चालूच होता. गाणी लागली होती."

मुलगी भिंतीला टेकली. मग रोज हाडं बघणाऱ्या माणसाच्या सपाट आवाजात म्हणाली, "खुबा मोडला होता त्यांचा. तसं पडल्यावर उठता येत नाही. ओरडायलाही बळ राहत नाही. हात तेवढा हलतो."

कुणी कुणाचं सांत्वन केलं नाही. करण्यासारखं नव्हतंच. थोड्या वेळाने काकांनी जिन्याचा कठडा धरला, उठले, आणि मास्तरांना म्हणाले, "आता नीट करा. काय लागेल ते करा, पण त्याचं त्याला आणि माझं मला मिळू द्या."

मास्तर गच्चीवर परतले. पुढचे दोन तास त्यांनी जितक्या निगुतीने काम केलं तितकं कधी केलं नसेल. जुना एलएनबी उतरवून दोन तोंडांचा चढवला. प्रत्येक मजल्याला नवी, वेगळी, अखंड केबल टाकली, मध्ये एकही जोड नाही. टोकांना रबरी टोप्या घातल्या. पावसाचं पाणी केबलवरून घरंगळत आत जाऊ नये म्हणून खिडकीबाहेर दोन्ही केबलींना खाली झुकता वळसा दिला. डिशच्या खांबाची अर्थिंगची तार जमिनीत नेऊन पुरली. जुन्या केबली ओढून काढल्या, गुंडाळल्या. वरच्या केबलला त्यांनी परत मीटर लावला नाही. धीर झाला नाही म्हणा, किंवा असं दुसऱ्याच्या खोलीत डोकावणं बरं दिसत नाही असं वाटलं म्हणा.

मुलीने आणलेला नवा टीव्ही वर टेबलावर बसवला. आधी खालचा प्लग लावला, मग वरचा. खाली बातम्या आल्या. वर मुलीने गाण्यांचं चॅनेल लावलं. मास्तर जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. खालून निवेदकाचा आवाज, वरून सारंगी. दोन्ही एकाच वेळी. बारा वर्षांत या घरात हे पहिल्यांदा होत होतं.

काका त्यांच्या बाजूने वर गेले. उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळले, मग आत जाऊन खाटेच्या कडेला बसले, पाहुणा बसतो तसे, अर्धेच. एकही गाणं त्यांना ओळखीचं नसावं. तरी ते ऐकत राहिले. मास्तर निघाले तेव्हा ते तिथेच होते.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "आज इतके गप्प?" मास्तर म्हणाले, "एक जुनं काम होतं. राहून गेलेलं."

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. बाबा आता वरच राहायला गेलेत, ती सांगत होती. मी खालच्या खोलीत झोपते. टीव्ही लागतो त्यांना, पण बातम्या नाही बघत, गाणीच लावतात. खालचा टीव्ही आणि डबा मी आमच्या दवाखान्यात, रुग्णांसोबत राहणाऱ्या नातेवाइकांच्या खोलीत देऊन टाकला. तर खालचं कनेक्शन बंद करायचंय.

"टोकाला टोपी घालून ठेवा, काही होत नाही," मास्तर म्हणाले. "त्यासाठी मी कशाला?"

"तुम्ही याच ना," ती म्हणाली. "चारच्या नंतर या."

मास्तर गेले. चांगलं लख्ख ऊन होतं. पोहोचायला उशीर झाला, कारण बाजाराजवळचा पूल त्याच दिवशी सकाळी दुरुस्तीसाठी बंद केला होता आणि सगळी वाहनं नदीच्या वरच्या अंगाने वळवली होती. मुलीने दार उघडलं, त्यांना खालच्या खोलीत आणलं. खोलीत आता तिची खाट, कपाट आणि पुस्तकांची दोन खोकी होती. टीव्हीची जागा रिकामी. भिंतीतून केबलचं टोक बाहेर आलेलं, त्याला व्यवस्थित टोपी घातलेली. तिनेच घातली असणार.

वरून गाण्याचा आवाज येत होता, आणि त्यावर काकांचा खाटेच्या पट्टीवर बोटांनी ठेका.

"बंद करू म्हणता?" मास्तरांनी विचारलं.

"अगं!" वरून काकांनी मुलीला हाक मारली. पंपावरचा आवाज त्यांना परत सापडला होता. "मास्तर आलेत का? त्यांना म्हणावं, ती खालची लाइन तोडू नका. असू दे."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती म्हणावी तर ती नव्हती, आणि नव्हती असंही म्हणता येणार नाही. "मी वर जाते," ती म्हणाली. "तुम्ही पाच मिनिटं इथे थांबा. मग सांगा, तोडायची की ठेवायची. तुम्ही म्हणाल तसं."

ती गेली. मास्तर रिकाम्या खोलीत उभे राहिले. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती, तिच्यात धूळ तरंगत होती. मीटर त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही.

आधी त्यांना वाटलं शेजारच्या घरातून येतंय. ते खिडकीपाशी गेले तर आवाज कमी झाला. परत भिंतीकडे आले. तिथे, टीव्हीच्या रिकाम्या जागेतून, अगदी हलक्या आवाजात कोणीतरी बातम्या वाचत होतं. सावकाश, शुद्ध, एकेक शब्द मोकळा करून. मास्तर कान देऊन ऐकू लागले. जुन्या बातम्या असतील, चार वर्षांपूर्वीच्या, त्या दिवसाच्या, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. भिंतींना जुने आवाज आठवत असतील. तेवढं मान्य करायला त्यांची तयारी झाली होती.

बाजाराजवळचा पूल आज सकाळपासून वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात आला आहे, निवेदक सांगत होता. नागरिकांनी वरच्या मार्गाचा वापर करावा.

छापखान्यातला तो उंच, किडकिडीत माणूस मास्तरांना आठवला, बातम्यांचं नावही न काढणारा. वर त्याचा भाऊ त्याच्या गाण्यांवर ठेका धरून बसला होता.

ते नकळत एक पाऊल पुढे सरकले. पायाखाली एक सैल फरशी वाजली.

भिंतीशी क्षणभर शांतता झाली. मग, घरात कोणी पाहुणा आला की करतात तसा, आवाज कोणीतरी थोडा कमी केला.